पाचाचं शून्य

केजच्या बसस्टँडमागे माझं दुकान आहे. पाटीवर अजूनही 'रेडिओ-टीव्ही दुरुस्ती' असंच लिहिलेलं आहे, पण रेडिओ गेले, टीव्ही भिंतींना चिकटले, आणि माझ्याकडे येतात ते मिक्सर, कूलरच्या मोटारी आणि रिमोट. रिमोट तर लोक मांडीवर आपटून आपटून अगदी शेवटच्या घटकेला आणतात आणि वर मलाच विचारतात, "का हो, चालत कावून न्हाई?" मला राग येतो. तो मी गिळतो, कारण आता गिऱ्हाईकच कमी झालंय.

मला नाद एकच, जुन्या तपासणी यंत्रांचा. काट्याचे मीटर, सिग्नल जनरेटर, गोल काचेचा ऑसिलोस्कोप असं काही बीडच्या भंगारवाल्यांकडे आलं की ते मला फोन करतात. बायको म्हणते, आपल्या घरात माणसांपेक्षा काटे जास्त झालेत. ही यंत्रं आहेत तशी उपयोगाची नसतात. कुणाला परदेशातली एकशे दहा व्होल्टांची वीज लागते, कुणाचे कंडेन्सर फुगलेले, कुणाचं सॉकेट आपल्याकडच्या पिक्चर ट्यूबला बसत नाही. मग आतली अर्धी तार उपसायची, मेलेल्या ट्यूबची टोपी कापून तिचं सॉकेट करायचं, नवा ट्रान्सफॉर्मर कोंबायचा. हे सगळं करून दुरुस्त काय करायचं, असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचो. चाळीस वर्षांपूर्वीचा टीव्ही आता कोण आणणार?

पण श्रावणात एक जण आला. वडवणीहून जीपने, गोधडीत गुंडाळलेला लाकडी टीव्ही मांडीवर घेऊन. पंच्याहत्तरीच्या पुढचे गृहस्थ, एसटीत ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढलेले. जयभीम घातला, टीव्ही काउंटरवर ठेवला आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी त्यांना मामा म्हणू लागलो, ते आपोआपच.

"मिस्त्री, ह्यो चालू व्हईल का, तेवडं सांगा. न्हाई म्हणला तरी चालंल, पर खोटं सांगू नका," ते म्हणाले.

गोधडी सोडली तर दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या शटरचा, व्हॉल्व्हवर, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा संच. आमच्या भागात टीव्ही आला तेव्हाचा. केबलचं चित्र अँटेनाच्या वाटेने आत जावं म्हणून एका केबलवाल्याने जुन्या व्हिडिओ गेमचा डबा मागे जोडून दिला होता, त्यावर तो या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालत होता. मग चित्र उतरत गेलं. आधी माणसांचे चेहरे करडे झाले, मग नुसत्या सावल्या, मग फक्त आवाज, आणि एक दिवस तोही गेला.

"नवा घ्या की मामा. स्वस्त झालेत."

"पोरानं आणला ना. भितीवर लावला. ही म्हणती, ह्यो कुणाचा फोटो लावलाय?" मामा हसले, पण ते हसणं टिकलं नाही. "हिला आता काई आठवत न्हाई बगा. माजं नाव बी कदी कदी इसरती. पर सांज झाली की ह्याची दारं सरकवती, म्होरं बसती आन म्हणती, लावा की. मंग वाट बगती. लई येळ. आन मग रडती, आवाज न करता. पाच म्हैने झाले."

मी टीव्ही ठेवून घेतला. मला त्या न पाहिलेल्या बाईची दया आली, हे खरं आहे, पण आपल्या नादाला शेवटी काम मिळालं याचा आनंदही झाला. हेही सांगायला पाहिजे.

आवाजाचं दुखणं सोपं निघालं. दोन व्हॉल्व्ह बदलले, चार कंडेन्सर टाकले, आणि कोपऱ्यातला भोंगा बोलू लागला. पडदा मात्र काळाच. पिक्चर ट्यूब बसली होती. असली ट्यूब आता कुठे मिळत नाही. मी परभणीपासून नगरपर्यंत ओळखीच्या सगळ्या म्हाताऱ्या मेकॅनिकांना फोन केले, त्यातले दोघे तर वारले होते. म्हणजे आहे तीच ट्यूब जागी करायची.

ट्यूबच्या मानेत एक बारीकशी शेगडी असते, तिला आम्ही हीटर म्हणतो. ती तापली की तिच्या तोंडावरचा लेप कण सोडतो आणि त्या कणांचं चित्र होतं. वर्षानुवर्षं वापरून त्या लेपावर तव्यावरच्या काजळीसारखा थर बसतो. हीटर नीट तापवून विजेचा एक हिसका दिला तर काजळी झडते. हिसका जास्त झाला तर लेपच झडतो, आणि हीटर जास्त तापला तर तार तुटते. मग मामांनी गोधडीत गुंडाळून रिकामं खोकं न्यायचं.

हिसका देणारं यंत्र माझ्याकडे होतं. बीडच्या भंगारातून आदल्या वर्षी आणलेलं, लोखंडी पेटीतलं, परदेशी. माझ्या आधी ते कुणीतरी वापरलेलं होतं आणि त्या कुणीतरी त्यात आपली अक्कल चालवली होती: एक जादा बटण बसवलं होतं, हीटरला नेहमीपेक्षा थोडे व्होल्ट वाढवून देण्यासाठी, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाने उर्दू आकडे काढले होते. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. दुसऱ्याने हात घातलेलं यंत्र मला आवडत नाही. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूत चार बुकं शिकलेले; मला शिकवायला बसले तेव्हा मी म्हणालो होतो, आता कोण वाचतं हे? पण आकड्यांत काय कळायचं असतं? उभी रेघ म्हणजे एक, दोन आणि तीन तर आपल्यासारखेच, जरा आडवे पडलेले, त्यापुढचा अर्थातच चार, आणि शेवटी गोल शून्य. एकाच्या अलीकडे रंगाचा एक थेंब सांडला होता. शून्य उजव्या टोकाला का, असं वाटलं, पण काही माणसं घड्याळही उलट्या हातात घालतात.

यंत्राचा हिसका फार आडदांड होता, म्हणून मी त्याच्या वाटेत एक झिरो बल्ब घातला. घरात पंखा किंवा इस्त्री शॉर्ट आहे का ते बघायला आपण सिरीजमध्ये बल्ब लावतो, तसाच. ट्यूबने जास्त वीज ओढली तर बल्ब ती अडवतो, आणि त्याची तार किती लाल झाली यावरून ट्यूब किती जागी झाली तेही दिसतं. या कल्पनेमुळे मी स्वतःवरच खूश होतो. त्या खुशीतच मामांची ट्यूब जोडली, जादा व्होल्ट नकोत म्हणून बटण गोल शून्यावर नेलं आणि स्विच दाबला.

हीटर निखाऱ्यासारखा लाल व्हायला हवा. तो लाल झाला, नारिंगी झाला, पिवळा झाला, आणि थांबेचना. मानेतला तो बारका दाणा पांढरा होऊ लागला तेव्हा मी ओरडलो आणि प्लग वायरीसकट उपटला.

ओरडणं ऐकून शेजारचे टेलर मास्तर टेप गळ्यात तसाच घेऊन आले. त्यांना वाटलं मला शॉक बसला. मी बोट दाखवलं: शून्यावर ठेवलंय, तरी जळतंय, कोणा गाढवानं हे यंत्र बिघडवून ठेवलंय कोणास ठाऊक.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकून बघितलं.

"अरे मिस्त्री, ये सिफर नई है. पाँच है, पाँच."

"हे? हे गोल?"

"हमारा पाँच गोलइच रैता. और सिफर वो," त्यांनी त्या सांडलेल्या थेंबावर नख ठेवलं, "नुक्ता. तुम सिफर को दाग समझे और पाँच को सिफर."

आणि हसले. मला हसू आलं नाही. दहा फुटांवर उर्दू वाचणारा माणूस वीस वर्षं शिवणयंत्र चालवतोय, दिवसातून दोनदा आम्ही एकत्र चहा पितो, आणि मी त्याला विचारलं नव्हतं. मल्टिमीटर हाताशी होता, सॉकेटवर दोन सेकंद टेकवला असता तरी कळलं असतं. आयुष्यभर लोकांना झिरो बल्ब विकले, तो झिरो पंधरा वॅट खातो हे सांगून सांगून, आणि स्वतः मात्र एका गोलावर डोळे झाकून विश्वास ठेवला. मला माझी इतकी लाज वाटली की मास्तरांनी मागवलेला चहा तसाच निवला.

ट्यूब गार होईपर्यंत मी तिला हात लावला नाही. डोळ्यांसमोर ती बाई येत होती, दारं सरकवून बसलेली. मामांना काय सांगायचं याची वाक्यंही मनात जुळवून झाली. त्यातल्या एकाही वाक्यात दोष माझा नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुपारी बटण त्या थेंबावर ठेवून, मल्टिमीटरने दोनदा मोजून, पुन्हा जोडलं. हीटर लाल झाला. नुसता लाल, शहाण्यासारखा. मी मास्तरांना हाक मारली, का ते मलाही माहीत नाही. एकट्याने पुढचं बघवणार नव्हतं. मग बल्बच्या वाटेने पहिला हिसका दिला. बल्ब मेल्यासारखा. दुसरा दिला. तार कुठे लालसर झाल्यासारखी वाटली. तिसऱ्याला मास्तर म्हणाले, "जल रा, जल रा," आणि खरंच बल्ब मिणमिणला. मीटरचा काटा तळातून उठून हिरव्या पट्ट्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. त्या ट्यूबला माझ्या बल्बने जाग आली की त्या पाच व्होल्टांनी आधीच काजळी सैल केली होती, हे मी आजही सांगू शकत नाही. तो पाच ज्याने तिथे ठेवला होता त्याला बहुधा ठाऊक होतं तो काय करतोय. मी त्याला गाढव म्हटलेलं मनातल्या मनात परत घेतलं.

दोन दिवसांनी टीव्ही घेऊन मीच वडवणीला गेलो. जीपमध्ये तो धक्के खाईल म्हणून मीही तो मांडीवर घेतला. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीत सगळ्यांकडे दिवे, कुठे पंख्यांचा आवाज, आणि मामांचं घर काळोखात.

"फ्यूज गेला काय मामा?" मी ओट्यावरच्या मेन स्विचकडे वळलो.

मामांनी माझं मनगट धरलं. मला आत न नेता तिथेच, दबक्या आवाजात म्हणाले, "ऱ्हावू द्या. म्याच बंद केलाय."

"कावून?"

"रोज करतो. ती म्हणती टीव्ही लावा, मी म्हणतो लाइट गेली. आता पंखा फिरत आसल तर लाइट गेली कसं म्हणू? म्हणून सांज झाली की मेन खाली. तिला झोप लागंस्तोवर."

"पाच महिने? उन्हाळ्यात बी?"

"उन्हाळ्यात बी. पुट्ट्यानं वारा घालतो तिला. त्येवडंच हाय."

त्यांना वाटत होतं यात सांगण्यासारखं काही नाही. या माणसाच्या टीव्हीवर मी न मोजता पाच व्होल्ट सोडले होते.

मोबाइलच्या उजेडात मी टीव्ही त्याच्या जागी ठेवला. मामी समोरच्या पलंगावर बसल्या होत्या, लहानखुऱ्या, पदर नीट घेतलेल्या. आम्ही आत काय करतोय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी डबा जोडला, शटर उघडलं आणि मामांना खूण केली. ते बाहेर गेले, मेन वर झाला. बल्ब लागला, पंखा फिरू लागला. टीव्हीचं बटण मी फिरवलं आणि काहीच झालं नाही, कारण व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. मामा दारात येऊन थांबले. आम्हा दोघांचा जीव टांगणीला आणि मामी निवांत. असा टीव्ही लागायला वेळ लागतो, हे त्यांच्या लक्षात होतं. आधी आवाज आला. मग काळ्या काचेवर राखाडी उजेड पसरला आणि त्यातून एक बाई कांदा चिरताना दिसू लागली, स्वच्छ, काळी-पांढरी.

मामींनी तिच्याकडे बघितलं. मग वर बल्बकडे, पंख्याकडे, आणि मग माझ्या हातातल्या पकडीकडे.

"तुमीच का वायरमन?"

मामा काहीतरी बोलायला गेले. मी म्हणालो, "व्हय मामी."

"कवाधरनं लाइट न्हाई आमची," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण कडक होता. "ह्यो माणूस रोज हितं बसून मला वारा घालतो. हात दुकत्यात त्येचे, सांगत न्हाई. ह्येचं वय हाय का आता? तुमाला काई वाटतं का न्हाई?"

चूक माझी आहे असं मी सहजासहजी कुणाला म्हटलेलं नाही, बायकोला विचारा. त्या दिवशी मला ते म्हणायला काही जड गेलं नाही.

"चुकलं मामी," मी म्हणालो. "माझंच चुकलं. लई उशीर केला."

"परत घालवू नका."

"न्हाई घालवणार."

मामा आमच्याकडे पाठ करून दाराची कडी उगाच वरखाली करत होते. मामींनी पलंगावर जरा सरकून जागा केली आणि त्यांना हाक मारली.

"बसा की आता तुमी. दमला आसाल."

मामा बसले.