परत आलेली एकतीस पत्रं

टेलिफोन खात्यात सत्तावीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढून थोरल्या काकू घरी बसल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. एक जुना कॉम्प्युटर चपलांच्या कपाटावर मांडून त्यांनी घरातल्या चौदा जणांसाठी स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. "फुकट मिळतंय ते सोडून हा उपद्व्याप कशाला?" पुतणे विचारायचे. "आपलं टपाल आपल्या घरात बरं," एवढंच त्या म्हणायच्या.

सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग इंटरनेटची कंपनी बदलली आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी धाकटी जाऊ कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. तिचा शिवणक्लास होता. नव्या वर्गाचं वेळापत्रक तिने सगळ्या बायकांना मेलने धाडलं होतं.

"जाऊबाई, एकतीसच्या एकतीस परत आली! आता मी काय घरोघर फिरू?"

काकूंनी चष्मा लावून परत आलेलं एक पत्र शेवटपर्यंत वाचलं. मजकूर स्पष्ट होता: या नंबरच्या मशीनला तुमच्या नावाने पत्रं पाठवायची परवानगी नाही. काकूंचा पारा चढला. आपल्या नावाने कुठल्या मशीनने पत्रं पाठवायची याची यादी त्यांनीच इंटरनेटवर नोंदवलेली होती, आणि नव्या कंपनीने लाइनला दिलेला नवा नंबर त्यांनी तिथे स्वतःच्या हाताने घातला होता. म्हणजे घोळ कंपनीचाच!

त्यांनी कंपनीला फोन लावला. तिथला पहिला माणूस म्हणाला, मशीन बंद करून चालू करा. केलं. दुसरा म्हणाला, पुन्हा करा. तेही केलं, पण त्याला चार शब्द सुनावून. दुसऱ्या दिवशी एक मुलगी भेटली, आवाजावरूनच शांत वाटली.

"तुमच्या लाइनचा नंबर मी वाचते काकू, तुम्ही यादीतला बघा."

"एकेक आकडा वाच. सावकाश."

मुलगी वाचत गेली. शेवटी म्हणाली, "सहा, तीन."

काकूंचं बोट पडद्यावर थबकलं. तिथे छत्तीस होते.

फोन ठेवून दिला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण काकूंच्या जिभेला ते वळण नव्हतं. "पोरी, चूक माझीच गं. दोन दिवस तुम्हा लोकांना उगाच बोल लावले. त्या कालच्या मुलालाही सांग."

पोरगी खळखळून हसली.

जावेलाही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ती आधी डोळे वटारून बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "आपला छत्तीसचा आकडा थेट मशीनमध्येच घातलात की!"

आकडे बदलले. नवी नोंद सगळीकडे पोचायला तासभर थांबावं लागलं, तेवढ्यात दोघींचा चहा झाला. मग एकतीस पत्रं गेली आणि एकही परतलं नाही. उलट अर्ध्या तासात उत्तरं यायला लागली. कुणाला मंगळवार नको, कुणाला सकाळची वेळ हवी.

"घ्या! आता हे निस्तरा," जाऊ कुरकुरली आणि वही घेऊन काकूंच्या शेजारीच बसली. काकूंनी खुर्ची जरा सरकवून तिला जागा करून दिली आणि पुढचं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं.