झटकलेले थेंब

काल हात धुऊन झटकले आणि आरशावर उडालेले थेंब पाहून मी जागच्या जागी थबकले. चीनच्या वाळवंटातल्या तुर्फान गावी प्रवासात मी जिथे जेवले होते, ते उइगुर कुटुंबाचं घर डोळ्यांसमोर आलं.

तिथे जेवणाआधी घरच्या सुनेने सुरईतून माझ्या हातांवर तीनदा पाणी घातलं. मी सवयीने हात झटकले. तिचे म्हातारे सासरे माझ्याकडे बघतच राहिले. सुनेने टॉवेल पुढे केला आणि मोडक्या इंग्रजीत हळूच म्हणाली, "आमच्यात हात झटकत नाहीत." मी ओशाळले, पण मनात म्हटलं, चार थेंबांचं एवढं काय!

जेवणानंतर ते दोघं मला अंगणामागच्या पायऱ्यांनी जमिनीखाली घेऊन गेले. वर भट्टीसारखं वाळवंट आणि खाली, वाकून चालावं लागेल अशा बोगद्यात, बर्फासारखं गार पाणी वाहत होतं! दूरच्या डोंगरांवरचं बर्फाचं पाणी उन्हाने आटू नये म्हणून माणसांनी ते मैलोन्मैल जमिनीच्या पोटातून आणलं होतं. भिंतीवर कुदळीचे घाव अजून दिसत होते.

"हे खणलं कुणी?" मी विचारलं.

सासरे भिंतीवरून हात फिरवत काहीतरी बोलले. सून म्हणाली, "थोडं त्यांच्या आजोबांनी. थोडं त्या आजोबांच्या आजोबांनी."

मग म्हातारे ओंजळभर पाणी प्यायले आणि ओले तळवे त्यांनी सावकाश चेहऱ्यावरून फिरवले. एकही थेंब खाली पडला नाही.

काल आरसा पुसायला मी फडकं घेतलं. पुसून झाल्यावर लक्षात आलं, इतका वेळ नळ चालूच होता.