हंडा उतू जाण्याआधी

आमच्या सरोवरकाठच्या गावात माशांचा हंडा उतू जातो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. रंगमंचावर मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या, पण हार्लन एलिंगसनला मिळायच्या तशा भल्याभल्या नटांच्याही नशिबी नसतात.

ग्रीन बे शहरातून दिवसाच्या सहलीची बस यायची, शिकागोहून सुट्टीला आलेलेही असायचे. दीपगृह बघून, बागेत चेरी तोडून, लाल बोटांची ती मंडळी संध्याकाळी ग्वेनच्या खानावळीमागे हंड्याभोवती गोल करून उभी राहायची. मिठाच्या पाण्यात आधी बटाटे आणि कांदे पडत, आणि अगदी शेवटी सरोवरातल्या पांढऱ्या माशाचे तुकडे. मासा शिजेपर्यंत हार्लन गोष्ट सांगायचा. मासा झाला की डबाभर रॉकेल जाळावर भिरकावायचा. ज्वाळा छपराला भिडायच्या, हंडा उतू जायचा, वरचं तेल आणि फेस वाहून जायचा आणि त्याच पाण्यानं आग विझायची. मी कोपऱ्यात अकॉर्डियन वाजवायचो. आमची उन्हाळी नाटक कंपनी बंद पडली तेव्हा बाकीचे गेले, मी इथेच रुळलो.

हार्लन तसा जन्माचा मुखदुर्बळ. बापाबरोबर जाळी ओढली, मासा कमी झाला तेव्हा बोट विकली, मग चेरीच्या बागांतून राबला. दुकानात गेला की 'पाव' एवढंच बोलून परत यायचा. 'लग्नाची मागणीसुद्धा मीच घातली,' असं त्याची बायको लाव्हॉन सांगते. पण जाळापाशी उभा राहिला की गडी वेगळा! आवाज खणखणीत, हातवारे राजासारखे. "शिकागोवाले जरा मागे सरका! तुमचे केस महागाचे आहेत!" म्हणायचा, आणि शिकागोवालेच सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

त्या उन्हाळ्यात त्याचा उजवा हात थरथरताना मला दिसायला लागला. तो हात खिशात ठेवायचा, पण रॉकेल खिशात हात ठेवून फेकता येत नाही. नेम चुकला तर जाळ अंगावर. ग्वेनला कळलं तर ती प्रेमानं खुर्ची देणार, त्याला बसवून ठेवणार, आणि हार्लन पुन्हा दुकानातला 'पाव' होणार. म्हणून तो फेकण्याची वेळ लांबवू लागला. पुढचा प्रवेश अवघड असला की नट चालू प्रवेश सोडत नाही. मी ते ओळखलं, आणि अकॉर्डियन वाजवत राहिलो.

त्याची गोष्ट ठरलेली होती. गोठलेल्या सरोवरावरून त्याच्या आजोबांनी बेटावर गाय चालवत नेली, ती. गाय बेटाला लागली की मासा शिजलेला असायचा. आता गाय वाटेत बसायला लागली. एकदा तिला बर्फावर वासरू झालं, दुसऱ्या दिवशी ते वासरू हरवलं. इकडे हंड्यात माशाचा लगदा होत होता.

आणि आमची माणसं अशी सभ्य की कुणी तक्रार करेना.

"कसं झालंय?" ग्वेननं एकदा इर्मा व्हॅन्डनबर्गला विचारलं. ही ग्रीन बेची म्हातारी दर उन्हाळ्यात यायची.

"वेगळंच आहे हं," इर्मा म्हणाली. आमच्या भागात याहून मोठी शिवी नाही.

लाव्हॉन स्वयंपाकघरात लोणी वितळवायची, ताटं वाढायची. मासा हंड्यातल्या जाळीच्या टोपलीतूनच गळतोय म्हणून तिनं आधी मासेवाल्याला झापलं, मग लाकडांना नावं ठेवली. शेवटी एका शनिवारी ती खिडकीशी उभी राहून गोष्ट ऐकायला लागली. गाय अजून सरोवराच्या मध्यावरच होती. बाईनं ॲप्रनला हात पुसले आणि सरळ बाहेर आली.

"हार्लन, गाय पोहोचली," ती म्हणाली. "टाक."

लोक हसले. त्यांना वाटलं, खेळातलंच आहे. हार्लननं डबा उचलला. कडी डब्यावर खडखड वाजायला लागली. मी सूर लांबवला, तरी ती ऐकू येतच होती.

"नाही जमत गं," तो हळूच म्हणाला.

"मग आण इकडे."

तिनं डबा घेतला आणि सगळाच्या सगळा भिरकावला. असा भडका मी जन्मात पाहिला नव्हता! हंडा धो धो उतू गेला, लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला आणि हार्लनच्या भुवया करपल्या.

जेवणं चालू असताना तो लाकडांच्या ढिगावर बसला होता. लाव्हॉन त्याच्यापुढे उभी.

"चार लोकांत शोभा केलीस माझी!"

"आणि मी चार लोकांना लगदा वाढत होते ते? हात कधीपासून असा आहे?"

"बर्फ वितळलं तेव्हापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू ग्वेनला सांगितलं असतंस."

"सांगणारच आहे," लाव्हॉन म्हणाली. "डबा माझा, गोष्ट तुझी. कबूल नसेल तर दोघंही घरी बसू."

त्यानं करपलेल्या भुवयांवरून बोट फिरवलं. तेवढ्यात ग्वेन दारात आली. इर्मानं मासा पुन्हा मागितलाय, म्हणाली.

"भुवयांचं काय?" हार्लननं बायकोला विचारलं.

"लांब उभा राहा. तुला ऐकू जाईल एवढं मी ओरडते."

"पण मधेच तोडायचं नाही हं मला."

"मासा शिजला की तोडणार," ती म्हणाली. "मासा थांबत नाही."

दुसऱ्या संध्याकाळी हार्लन जाळापासून दूर, दोन्ही हात मोकळे सोडून उभा राहिला. उजवा थरथरत होता, त्यानं तो लपवला नाही. "मंडळी," तो म्हणाला, "आज रॉकेल टाकणार आहे माझी बायको लाव्हॉन. हिची ओळख करून द्यायची तर मला पार त्या हिवाळ्यापासून सुरुवात करावी लागेल, जेव्हा..."

"हार्लन!" लाव्हॉननं डबा उचलला. "मागे सरका सगळे!"