हात देणारा माणूस

चाकणच्या जत्रेत कार्यक्रमांची यादी माझ्याकडे होती. इंग्रजांच्या फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांना मी दहा मिनिटं दिली होती. बोलताना त्यांचं मनगट सारखं फिरायचं. गावानं विसरलेला दांडपट्टा त्यांनी जुन्या वह्या वाचून एकट्यानं पुन्हा बसवला होता. आता एक तरी शिष्य हवा होता. तळहातावरचं लिंबू कापून दाखवायला हात देणारा माणूस लागतो.

"कोन येतंय?" त्यांनी गर्दीला विचारलं.

"हात गेला तर पिंपरीच्या नव्या कारखान्यात कोन घेईल, सुभेदार?" गर्दीतून एकजण ओरडला. सगळे हसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादीत डोकं घातलं.

"ऱ्हाऊ द्या. ज्यांचा इस्वास न्हाई, ते काय शिकनार?"

त्यांनी लिंबू दगडावर ठेवून कापलं. टाळ्या वाजल्या, पण शिकायला कुणी आलं नाही. फोडी उचलताना मी पाहिलं, दगडावर ओरखडासुद्धा नव्हता.