डब्यातला पोपटी

ओल्या शाईचा तो पोपटी अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नारायण पेठेतल्या आमच्या छापखान्याची मागची खोली भर दुपारीही काळोखी असायची. दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेली पत्रकं मात्र त्या काळोखात स्वयंप्रकाशी असल्यासारखी उजळत. निसर्गात असा हिरवा कुठे असतो? पोपटाच्या पंखात नाही, कोवळ्या भातात नाही, पावसाळ्यातल्या शेवाळातही नाही. शाईच्या दुकानात त्याला रेडियमचा पोपटी म्हणत. थिनरच्या उग्र दर्पात त्याचं ते तेज पाहिलं की मला उगीचच कुठलासा उत्सव जवळ आल्यासारखं वाटे. त्याची भीती तेव्हाच वाटायला हवी होती, हे आज म्हणणं सोपं आहे.

छापखाना आम्हा दोघा भावंडांचा. मी गिऱ्हाइकं सांभाळायची आणि मजकूर जुळवायची. माझा थोरला भाऊ, दादा, जाळीच्या चौकटीतून रबरी पट्टीने शाई ओढायचा. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, साड्यांच्या दुकानांच्या पिशव्या, हा आमचा संसार. दादाचा डावा डोळा जन्मापासून आळशी. सगळा कारभार एकट्या उजव्यावर. पण तो उजवा असा काही तल्लख, की गिऱ्हाइकाने आणलेल्या चिंधीचा रंग तो कुठलंही कोष्टक न उघडता तीन डब्यांतून बोटभर शाई घेऊन हुबेहूब उतरवी. त्याचा एक दंडक होता. रंग डब्यात पाहावा, कागदावर नाही; कागद आपल्या पदरचं काहीतरी मिसळतो. म्हणून तो डावा डोळा मिटायचा, डब्यावर ओणवा व्हायचा आणि विहिरीत वाकून पाहावं तसा त्या रंगाच्या उगमाकडे पाहात राहायचा. मला त्याचं हसू यायचं, आणि अभिमानही वाटायचा.

मग शहराने कात टाकली. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या, कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ते अडवले, आणि गावोगावची हुशार मुलं संगणकासमोर बसायला इथे आली. त्यांतलाच निखिल. मूळचा अमरावतीचा, आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवारी नाचाचे जलसे भरवणारा. पहिल्यांदा आला तो पत्रकाचा नमुना घेऊन. केवढं विलक्षण चित्र होतं ते! काळ्या जमिनीवर एकात एक गुंतलेली वर्तुळं, वितळत चाललेली अक्षरं, त्रिकोणाच्या पोटात उघडा डोळा, आणि मधोमध ध्यानस्थ शंकर. दादाने ते उलटसुलट पाहिलं आणि, देवाला नाचायला बोलावलंत ते ठीक, पण त्याच्या तिसऱ्या डोळ्याचा अंदाज घेतलाय ना, असं कोरडेपणाने विचारलं. निखिल मनापासून हसला. त्या दिवसापासून तो आमच्या घरचाच झाला.

पत्रकांवरून गोष्ट पडद्यांवर गेली. मांजरपाटाची वीस-वीस फुटी ठाणं दादा जमिनीवर अंथरी आणि गुडघ्यांवर रांगत रंगवी. दिवसाउजेडी ते कापड भडक, काहीसं बाजारूच दिसे. पण जलशाच्या जागी जांभळट काळ्या ट्यूबा लागल्या, की तोच पोपटी, तोच गुलाबी, तोच नारिंगी असा काही पेटून उठे की कापड नाहीसं होऊन नुसते रंगच हवेत तरंगत. संगीत माझ्या कानांना कधी सोसलं नाही. छातीत कुणीतरी उखळात कांडतंय असं वाटे. पण माझ्या भावाच्या रंगांखाली हजार माणसं हात उंचावून उभी आहेत, हे दृश्य मी डोळे भरून पाहिलं आहे. पन्नाशीला टेकलेल्या, लग्नपत्रिका छापण्यात जन्म गेलेल्या माणसाला असं भाग्य किती वेळा लाभतं?

पण काळाला कापडाचाही कंटाळा येतो. आधी हजारो बारीक दिव्यांच्या चमकत्या भिंती आल्या, मग लेझरचे किरण आले. रंगाला पूर्वी अंग होतं. तो कशावर तरी बसायचा, वाळायचा, विटायचा, बोटाला लागायचा. आता तो अंग टाकून निव्वळ प्रकाश झाला. ना त्याला वास, ना वजन, ना वय. दादाचे पडदे घड्या होऊन माळ्यावर गेले. त्याने तक्रार केली नाही; एवढंच म्हणाला, की आता रंगाऱ्याऐवजी वायरमन बोलवा. मला मात्र वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातूनच पुढचं सगळं घडलं.

वाघोलीच्या पलीकडे एका मोकळ्या माळावर मोठा जलसा ठरला होता. निखिलला मनगटी पट्ट्या आणि फलक छापून हवे होते, आणि त्यांचा हिरवा मंचावरच्या किरणाच्या हिरव्याशी तंतोतंत जुळायला हवा होता. त्याने मोबाइलवर फोटो आणला. दादा त्यावरूनच काम उरकायला तयार होता. मीच त्याला म्हटलं, "फोटोवर जाऊ नकोस. प्रत्यक्ष बघून ये." पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यावाचून त्यांचं अडलं होतं, याचा मला कोण आनंद झाला होता! मला एका लग्नाच्या पत्रिका पोचवायच्या होत्या, म्हणून मी गेले नाही. तो निखिलबरोबर त्याच्या गाडीतून गेला.

तिथे काय झालं ते मला निखिलने नंतर सांगितलं. दुपारचे चार वाजले होते. काळ्या कनातींनी झाकलेल्या मंचावर अंधार होता आणि किरणांची चाचणी चालू होती. दादा थोडा वेळ पाहात उभा राहिला आणि म्हणाला, की हलता रंग जुळवता येत नाही, त्याला थांबवा. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द. निखिलने यंत्रावरच्या माणसाला सांगून तो नाचता किरण एका जागी स्थिर करवला. दादा समोरच्या पडद्यावर पडलेला हिरवा पाहील, असंच सगळ्यांना वाटलं. पण पडदा म्हणजे शेवटी कागदच ना? तो शिडी चढून यंत्रापाशी गेला, सवयीने डावा डोळा मिटला, आणि उजवा नेऊन थेट डब्याच्या तोंडाला लावला.

अडवायला क्षणाचाही अवधी नव्हता. तो लगेच मागे झाला, डोळा चोळला, आणि पोपटीत किंचित निळं घालावं लागेल, एवढं बोलून खाली उतरला. त्या यंत्रावर इशाऱ्याची पिवळी चिठ्ठी होती. दादाने ती पाहिली होती. पिवळ्यावर काळं, छपाई अगदी स्वच्छ, असं त्याने मला नंतर सांगितलं. छपाई पाहिली, मजकूर वाचला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे मजकूर छापणाऱ्याची ही खोड मलाही आहे.

आठवडाभर तो रोजच्यासारखा चौकटीपाशी उभा राहून काम करत होता. मग त्या पट्ट्या छापून झाल्या आणि मी हातात घेतल्या, तर हिरव्यावर काळी अक्षरं सुतभर सरकलेली. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी वैतागून विचारलं, "डोळे कुठे होते तुझे?"

"एकच होता," दादा म्हणाला. "तो वाघोलीला राहिला."

डॉक्टरांनी आतला फोटो दाखवला. पडद्याच्या बरोबर मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढा डाग. आपल्या डोळ्यात आत पडदा असतो, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. तोही जळतो, हे तेव्हा कळलं. डाग भरून येणार नव्हता. आता दादाला कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. जे पाहावं तेच नाहीसं होतं. म्हणून त्याला माझा चेहरा बघायचा असला की तो माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघतो. निखिलने जलसे बंद केले. रविवारी येतो, दादाला वर्तमानपत्र वाचून दाखवतो, आणि जाताना माझ्याकडे बघत नाही. तो स्वतःला दोष देतो, मी मला. दादा कुणालाच देत नाही, आणि ते अधिक जड जातं.

मागच्या गणपतीत आमच्या गल्लीतही तेच किरण आले. मिरवणुकीच्या गाडीवर ध्वनिवर्धकांची भिंत आणि तिच्या माथ्यावर ती हिरवी यंत्रं. दादाने दोन दिवस आधीच मला फलक छापायला बसवलं. मजकूर त्याचा: ‘वरच्या हिरव्या दिव्याकडे बघू नये. आम्ही बघितला आहे.’ रंग रेडियमचा पोपटी, मी कालवलेला. जुळला का, असं त्याने विचारलं, आणि मी डब्यावर ओणवी होऊन, जुळला म्हणून सांगितलं. खरं तर तो बराच मळकट झाला होता.

विसर्जनाच्या संध्याकाळी फलक गॅलरीला टांगला. खाली गर्दी थबकली. अस्सल पुणेरी पाटी म्हणून लोक हसले, एकमेकांना दाखवू लागले, मोबाइल उंचावून फोटो काढू लागले. मग गाडी वळणावर आली, आणि त्या साऱ्या हसऱ्या माना वर झाल्या. बापांच्या खांद्यांवरची लेकरंसुद्धा. मी ओरडले, पण त्या दणदणाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. हिरवे पट्टे आमच्या खोलीच्या भिंतीवरून फिरून गेले, आणि माझा तो मळका पोपटी क्षणभर पूर्वीसारखा उजळला.

मी दार लावून आत आले. दादा खुर्चीत बसला होता.

"वाचतायत का लोक?"

"वाचतायत," मी म्हटलं.

त्याने मान वळवली आणि माझ्या शेजारच्या भिंतीकडे कितीतरी वेळ पाहात राहिला.