बर्फातलं नवं वर्ष

एकतीस डिसेंबरला टीव्हीवर बर्फात नाचणारी माणसं दिसली, की माझे मालक गुपचूप चॅनल बदलतात. कालही बदललं, आणि मला आमच्या दवनीवाडा गावातला तो एक जानेवारी आठवला.

तेव्हा ते फौजेत, काश्मीरला होते. नव्या वर्षाला रजेवर येणार म्हणून सासूबाईंनी सकाळीच नव्या तांदळाची खीर चढवली होती. घरभर दुधाचा वास होता. नऊ महिन्यांच्या छकुलीला मी नवा फ्रॉक घातला होता. बापानं तिला अजून पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या मोबाईलवर त्यांचा फोन आला.

"बर्फ पडून राहिला. चार दिवस झाले रस्ता बंद आहे, फोनही आजच लागला. गाडी निघून नाही राहिली."

सासूबाईंनी माझ्या हातातला फोन ओढला. "मंग खराट्यानं झाडा ना. एवढे जण आहा, काऊन नाही झाडत?"

ते हसले. मग फोन परत माझ्या हातात आला, तसे मला सांगत बसले, की झाडं पांढरीशुभ्र झालीत, तू पाहायला पाहिजे होतं. कडेवर पोर रडत होती, अंगणात धान चुरायचं, मळणीचं काम पडलं होतं.

"मले काय करायचं तुमच्या बर्फाचं?" म्हणत मी फोन ठेवला.

आता वाटतं, बर्फाशिवाय त्यांच्याजवळ सांगायला होतं तरी काय. तेव्हा नुसता संताप झाला होता. खीर आम्ही दोघींनीच खाल्ली.

ते आले थेट होळीला. छकुली भिंत धरून चालायला लागली होती. त्यांनी हात पुढे केले, तशी ती घाबरून भेटायला आलेल्या शेजारणीच्या कडेवर गेली.