शेवटच्या बाकावरची डीडीटी

उवांचे किस्से उवांसारखेच असतात. एक काढावा त मागं दहा लिखा राह्यतात. अमरावतीच्या पोरींच्या शाळेत मी सव्वीस वर्षं चपराशी होतो. शिक्षण चौथी नापास. बाकीचे किस्से चारचौघांत हासत सांगतो. एक सांगतानी मान खाली जाते, कावून का माह्यापायी एका पोरीची शाळा सुटत होती.

*

पहिले घासलेट चाले. रविवारी घरोघरच्या बाया पोरींच्या डोक्याले घासलेट चोपडत. सोमवारी वर्गात शिरावं त कंदिलाच्या दुकानात आल्यासारखं वाटे. ड्रिलच्या मास्तरले बिडीची सवय. हेडबाई त्याले म्हणे, "मास्तर, बिडी फाटकाबाहेर ओढा. आत सातवीचा वर्ग आहे."

*

मग कोणीतरी उवांवर सीताफळाच्या बिया सांगतल्या. कुटाले मलेच बसवलं. कुटता कुटता हात डोळ्याले लागला. डोळा असा सुजला का चार दिवस उघडेना.

बायको म्हणे, "कोणासंगं भांडले?"

म्या सांगतलं, "बैलाचं शेपूट लागलं."

"आपला बैल त दोन सालाआधी विकला."

*

शिवणाच्या बाई अकोल्याच्या. "आमच्या अकोल्यात उवा नसतात," असं उठता-बसता म्हणत. दिवाळीच्या सुट्टीतून आल्या त केस मानेपर्यंत कापलेले. म्हणे, ताप आला होता.

मास्तर हळूच मले म्हणे, "अकोल्याचा ताप केसायलेच येते काय रे?"

*

मग आली डीडीटी. मलेरियावाले भिंतीले फवारा माराले आले. मास्तरनं त्यायले चहा पाजून डबाभर पावडर ठेवून घेतली. हेडबाईनं दोन चमचे पुडीत बांधून घरी नेली, गुलाबाले कीड लागली म्हणून. दुसऱ्या दिवशी बाईचा भांग पांढरा.

म्या बाईच्या खुर्चीवर पडलेली भुकटी फडक्यानं पुसली. नोकरी होती.

*

आता तो किस्सा.

हेडबाईचा हुकूम होता, शनिवारी शेवटच्या बाकावरच्या पोरींच्या डोक्यात पावडर टाकाची. बाकी पोरींची डोकी कोणी पाहेच ना. त्या बाकावर बसवलेल्या पोरी बौद्धांच्या, आदल्याच साली घरच्यायनं धर्म घेतला होता. मी हातभर दुरून डबा झटके. हुकूम बाईचा होता, पण दुरून टाकाची अक्कल माही.

त्यातली सुमन वर्गात पहिल्या नंबराची. तिनं घरी सांगतलं, "मी आता शाळेत जात नाही."

सोमवारी तिची माय आली. कापसाच्या जिनिंगात कामाले होती, खाडा करून आली. हातात लाकडाची फणी न एक पांढरं फडकं.

हेडबाईले म्हणे, "माह्या पोरीच्या डोक्यात एक ऊ दाखवा. निघाली त मीच घरी बसवते. नाही निघाली त पावडर बंद."

अंगणात फडकं आंथरलं, पोरीले बसवलं, फणी फिरवली. सारी शाळा खिडक्यायले लटकली. फडक्यावर काही पडलं नाही.

मग तिनं फणी माह्या हातात देल्ली. "भाऊ, आता तुमी फिरवा. नाहीतर म्हणसान, मायनं लपवली."

त्या पोरीच्या डोक्याले माहा हात पहिल्यांदा लागला. केस तेल लावून नीट विंचरलेले. दोनदा फणी फिरवली. फडकं कोरंच.

हेडबाई व्हरांड्यातून म्हणाल्या, "ठीक आहे. पावडर बंद."

सुमन उठली. अगदी शहाण्यासारखी मले म्हणे, "मामा, आता तुमी बसा."

टोपी काढली न बसलो. तिच्या मायनं माह्या डोक्यात फणी फिरवली. फडक्यावर पटपट तीन पडल्या. म्या पाहिल्या, तिनं पाहिल्या.

"काय निघालं?" हेडबाईनं व्हरांड्यातूनच इचारलं.

सुमनच्या मायनं फडक्याची घडी केली.

"काही नाही, बाई. भाऊचं डोकं साफ आहे."